झेपेल तेवढा समुद्र

निवड करणं हा माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे. प्रथम वर्षाच्या पाठ्यपुस्तकात कोणत्या दहा कविता घ्यायच्या, एवढ्या एका प्रश्नासाठी आम्ही पाच-सहा प्राध्यापक दर काही वर्षांनी एका लांब टेबलाभोवती बसतो, बिस्किटं खातो आणि भांडतो. प्रत्येकाच्या खिशात तीन याद्या असतात. ज्या कविता घेतल्या नाहीत तर लोक नावं ठेवतील त्यांची एक. ज्या खरोखरच चांगल्या आहेत त्यांची दुसरी. आणि ज्या मुलांना झेपतील त्यांची तिसरी. तिन्ही याद्यांत बसणारी कविता क्वचितच सापडते. सापडली की आम्ही पुन्हा चहा मागवतो.

या विद्येचा कॉलेजच्या फाटकाबाहेर कुणाला काही उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण माझ्या थोरल्या बंधूंना तसं वाटलं. अण्णा माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. तीस वर्षांपूर्वी ते इंग्लंडात लीड्सला गेले, तिथेच नोकरी केली, तिथेच निवृत्त झाले आणि तिथेच गोल्फ नावाच्या खेळाच्या नादी लागले. ‘‘नादी लागले’’ हे शब्द वहिनींचे. त्यांचं म्हणणं असं की गेल्या पंचवीस वर्षांत त्या नवऱ्याबरोबर एकाही सहलीला गेलेल्या नाहीत. गेल्या त्या सगळ्या गोल्फच्या सहली होत्या, आणि त्यांत त्यांचं काम मोटारीत बसून पावसाकडे पाहण्याचं होतं.

तर अण्णांनी मला कळवलं, ‘‘मे महिन्याच्या अखेरीस आठवडाभर स्कॉटलंडच्या किनाऱ्याने गोल्फ खेळत जायचं ठरवलं आहे. पुण्याहून डॉक्टर येतोय. तूही ये, तिकीट मी पाठवतो. पण त्याआधी मैदानं तू निवडायचीस. आम्ही दोघांनी निवडली तर भांडण होईल, आणि आता भांडायला आमच्याकडे वेळ नाही.’’

शेवटचं वाक्य थट्टेचं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. डॉक्टर म्हणजे अण्णांचे होस्टेलमधले खोलीसोबती. पुण्यात त्यांच्या शस्त्रक्रियेच्या हाताचा मोठा लौकिक होता. तीन वर्षांपूर्वी तो उजवा हात थरथरू लागला. कंपवाताचं निदान त्यांनी स्वतःच केलं, दुसऱ्या डॉक्टरांकडून पक्कं करून घेतलं आणि त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया बंद केल्या. गोल्फ मात्र बंद केला नाही. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा भीत भीत विचारलं, ‘‘डॉक्टर, खेळताना त्रास नाही का होत?’’ ते हसून म्हणाले, ‘‘या दुखण्याची गंमतच आहे. हात कामाला लावला की थरथर कमी होते. स्वस्थ बसला की सुरू. तेव्हा मला स्वस्थ बसू देऊ नका, एवढंच तुमच्या बंधूंना सांगा.’’

मी गोल्फ खेळत नाही. तुम्हीही बहुधा खेळत नसाल. आपल्याकडे हा खेळ साहेबाबरोबर आला आणि साहेबी कुंपणाच्या आतच राहिला. तरी तो आला मात्र फार लवकर. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कुठला, तर 1829 साली निघालेला कलकत्त्याचा. काठीने चेंडू मारण्याचं आपल्याला वावडं आहे असंही नाही. यमुनेच्या वाळवंटात आमच्या संतकवींचा श्रीकृष्ण चेंडूफळी खेळतोच की! फरक इतकाच, की त्याला तिकडे जाण्यापूर्वी वर्षभर आधी पत्रं लिहून वेळ राखून ठेवावी लागत नव्हती.

मी पुस्तकं मिळवली, नकाशे पसरले आणि कामाला लागलो. पहिली गोष्ट माझ्या ध्यानात आली ती एका शब्दामुळे. समुद्रकाठच्या या मैदानांना तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. मला वाटलं होतं, सागर आणि शेती यांना जोडणारा दुवा म्हणून हे नाव पडलं असावं. पण शब्दाचं मूळ निराळं आहे. जुन्या इंग्रजीत ‘हलिंक’ म्हणजे उंचवटा. समुद्र मागे हटला, वाऱ्याने वाळूचे ढीग रचले, त्यांवर बारीक चिवट गवत उगवलं. नांगर घालावा तर जमीन रेताड, म्हणून शेतकऱ्याने ती सोडून दिली. मेंढ्या आल्या, ससे आले आणि त्यांच्यामागून काठ्या घेऊन रिकामटेकडी माणसं आली. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी अंग घासून घासून जे खळगे केले, तेच पुढे गोल्फचे वाळूचे खड्डे झाले असं सांगतात. आमचं आजोळ गुहागरचं. तिथल्या लांबच लांब पुळणीला लागून माड-पोफळींच्या वाड्या आहेत. आपल्या माणसाने वाळूतून नारळ काढला. स्कॉटिश माणसाला तिच्यातून काहीच काढता येईना, म्हणून त्याने खेळ काढला.

आणि तो असा काढला की राजाला धास्ती पडली. 1457 साली तिथल्या पार्लमेंटने फुटबॉल आणि गोल्फ या दोहोंवर बंदी घातली, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून चेंडूमागे धावू लागले होते. बंदीचा परिणाम काय झाला हे तुम्ही ओळखलंच असेल.

माझ्यापुढे आता आठ नावं होती आणि दिवस होते सहा. त्यांतही रोज खेळणं डॉक्टरांना जमणार नव्हतं. तिकडच्या किनाऱ्यावर गोल्फ म्हणजे मुख्यतः पायी चालणं. अठरा खळगी पुरी करायची म्हणजे चार तास, वारा अंगावर घेत, पाच-सहा मैल. म्हणून मी ठरवलं, एक दिवस खेळ, एक दिवस विसावा किंवा प्रवास. म्हणजे खेळाचे डाव उरले तीन, फार तर चार.

अण्णांच्या मनात सर्वांत वर होतं ते कार्नूस्टी. तिथल्या शेवटच्या टप्प्यात बॅरी बर्न नावाचा एक ओढा नागमोडी वळणं घेत आडवा येतो. 1999 सालच्या ओपन स्पर्धेत जाँ व्हान डी व्हेल्ड हा फ्रेंच खेळाडू शेवटच्या खळगीवर तीन फटक्यांनी पुढे होता. सगळं जग त्याचं अभिनंदन करायला टपलेलं. त्याचा चेंडू ओढ्यात गेला. त्याने बूट-मोजे काढले, विजार वर गुंडाळली आणि घोट्याएवढ्या पाण्यात उतरून तो चेंडूकडे पाहत राहिला. त्या खळगीला त्याला सात फटके लागले, बरोबरी झाली आणि पुढच्या जादा खेळात पॉल लॉरी जिंकला. अण्णांना ती जागा डोळ्यांनी पाहायची होती. पण धडधाकट माणसालाही रडवणारं मैदान म्हणून त्याची ख्याती आहे. मी त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

टर्नबेरीला शुभ्र दीपगृह आहे आणि दोन्ही महायुद्धांत तिथे विमानतळ होता, हे वाचून मला मोह झाला. पण तिथली फी मी रुपयांत करून पाहिली आणि पेन्सिल खाली ठेवली. म्युरफील्डची मंडळी म्हणजे 1744 साली गोल्फचे पहिले लेखी नियम करणाऱ्यांचे वारस. त्यांच्या क्लबाने बायकांना सभासद करून घ्यायचं 2017 साली मतदानाने मान्य केलं; आदल्या वर्षी तोच ठराव पडला होता. हे मी फोनवर वाचून दाखवताच पलीकडून वहिनी म्हणाल्या, ‘‘खोडा ते नाव.’’ मी खोडलं.

अगदी उत्तरेचं डॉर्नॉक खोडताना मात्र हात जड झाला. तिथे 1616 सालापासून गोल्फ खेळल्याची नोंद आहे. अमेरिकेत जाऊन शेकडो मैदानं आखणारा डोनल्ड रॉस याच गावात 1872 साली जन्मला. जाणकार त्या मैदानाचं नाव देवळाचं नाव घ्यावं तसं घेतात. पण ते इन्व्हर्नेसच्याही पलीकडे. तिथवर जायचं तर पश्चिम किनारा सोडावा लागला असता.

इथे मला माझ्या धंद्यातली खरी अडचण आडवी आली. अभ्यासमंडळात आम्ही ‘मुलांना झेपेल असं’ म्हणत म्हणत कधीकधी इतकं सोपं निवडतो, की त्यात मुलांचा अपमान असतो. हुशार मुलाला तो बरोबर कळतो. डॉक्टरांसाठी सपाट, सोपं, वयस्कांचं म्हणून मैदान निवडलं असतं तर त्यांनी ते पहिल्या दहा पावलांत ओळखलं असतं. आणि कार्नूस्टीवर नेलं असतं तर तो मित्राच्या हौसेपायी मित्राचा छळ झाला असता. दया आणि क्रौर्य यांच्या मधली वाट कोणती, हे नकाशात दाखवलेलं नसतं.

गोल्फमध्ये या प्रश्नाचा थोडा विचार मात्र झालेला आहे. त्यात ‘हॅण्डिकॅप’ नावाची पद्धत असते. ज्याचा हात कच्चा त्याला तितक्या फटक्यांची सूट. त्यामुळे तरबेज आणि नवखा एकाच मैदानात एकाच वेळी खऱ्या चुरशीने खेळू शकतात, आणि सूट घेणाऱ्याला कुणी हसत नाही. अण्णांची सूट चौदाची. डॉक्टरांची पूर्वी बाराची होती, आता चोविसांवर गेली आहे. ते म्हणाले, ‘‘माझी पत एवढ्या वेगाने वाढताना मी पूर्वी कधी पाहिली नव्हती.’’

शेवटी मी करायला हवं होतं तेच केलं. डॉक्टरांकडे गेलो आणि नकाशा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि पश्चिमेकडे समुद्रात लोंबणाऱ्या किंटायर नावाच्या लांबट भूशिरावर बोट ठेवलं. बोट थरथरत होतं, म्हणून त्यांनी ते जरा जोराने दाबलं. ‘‘मॅक्रिहॅनिश,’’ ते म्हणाले. ‘‘बाकी सगळं तुमचे बंधू म्हणतील तसं. मला तिथला पहिला फटका मारायचा आहे. फक्त पहिला. पुढे चालत येईन.’’

तो पहिला फटका काय आहे हे मी घरी येऊन वाचलं. उभं राहायची जागा किनाऱ्याशी. डाव्या हाताला अटलांटिक समुद्राचा उपसागर तिरपा आत घुसलेला. त्याच्या पलीकडे हिरवळ. ती हिरवळ गाठायची तर चेंडू पाण्यावरून आणि पुळणीवरून मारावा लागतो. गंमत अशी की समुद्र किती कापायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. उजवीकडे धरून मारलं तर थोडा, डावीकडे धरलं तर फार. आणि चेंडू पुळणीवर पडला तरी डाव जात नाही. पुळण मैदानातच धरली आहे. वाळूत उतरा आणि तिथून मारा.

माझी तिन्ही याद्यांत बसणारी कविता मला सापडली. तिच्या भोवती बाकीचं पुस्तक बांधायला मग अर्धा तास पुरला. पूर्वेला नॉर्थ बेरिक आणि सेंट अँड्र्यूज, पश्चिमेला प्रेस्टविक, शेवटी मॅक्रिहॅनिश. अण्णांनी कार्नूस्टीबद्दल एक शब्द काढला नाही. इतक्या वर्षांच्या मैत्रीत माणूस बरंच काही न बोलता खोडायला शिकतो.

एडिंबरोहून आगगाडीने अर्ध्या-पाऊण तासात नॉर्थ बेरिकला पोचता येतं. ही वहिनींची अट होती: मोटारीबाहेर पडायचं, गाव हवं, चहाचं दुकान हवं. एडिंबरोत मला अगदीच परक्या मुलखात आल्यासारखं वाटलं नाही. मोल्सवर्थच्या कोशाच्या 1857 सालच्या आवृत्तीला मराठी भाषेविषयी टिपणं जोडणारे, मुंबईच्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन हे याच देशाचे. नॉर्थ बेरिकच्या मैदानात जुन्या दगडी गडग्यांना कुणी हात लावलेला नाही. गडगा आडवा आला तर चेंडू त्याच्यावरून मारायचा. कोकणातला माणूस हे पाहून हळवा होतो. समोर समुद्रात बॅस रॉक नावाचा प्रचंड खडक पक्ष्यांनी पांढरा झालेला. पंधराव्या खळगीचं नाव ‘रीडॅन’. क्रिमियाच्या युद्धातल्या सेबास्टोपोलच्या तटबंदीवरून ते पडलं, आणि तिची नक्कल जगभर झाली. डॉक्टरांची पिशवी मी उचलली होती. एम. ए. होऊन इतकी वर्षं झाल्यावर कुणाचं तरी दप्तर वाहण्याचा तो योग होता. तिथे ते अण्णांना दोन फटक्यांनी हरले आणि सूट धरून आठ फटक्यांनी जिंकले.

सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान म्हणजे या खेळाची काशी. 1552 सालच्या सनदेने तिथल्या गावकऱ्यांचा त्या जमिनीवरचा हक्क मान्य झाला, आणि आजही ते सार्वजनिक मैदान आहे. अठरा खळग्यांचा आकडा जगाला तिथूनच मिळाला. 1764 साली बावीस होत्या त्यांच्या अठरा केल्या. ज्यांनी वेळ राखून ठेवलेली नसते ते दोन दिवस आधी सोडतीत नाव घालतात. आम्ही दोनदा घातलं, दोनदा आलं नाही. म्हणून अण्णा आणि डॉक्टर शेजारच्या ‘नव्या’ मैदानावर खेळले. हे नवं मैदान 1895 सालचं आहे. त्या गावात नवं म्हणजे काय, ते यावरून समजावं.

तिथेच बायकांसाठी 1867 साली निघालेल्या क्लबाची एक चढउतारांची हिरवळ आहे. खांद्याच्या वर काठी नेणं त्या काळी स्त्रियांना अशोभनीय समजत, म्हणून त्यांना नुसतं चेंडू ढकलायला ही जागा दिली. तिचं नाव ‘हिमालय’. आता चार पैसे देऊन कुणीही तिथे खेळावं. वहिनी खेळल्या आणि त्यांनी आम्हा तिघांनाही हरवलं. परत येताना त्या म्हणाल्या, ‘‘पंचवीस वर्षं मला मोटारीत का बसवून ठेवलं होतं ते आज कळलं.’’

आणि मग रविवार उजाडला. रविवारी जुन्या मैदानावर गोल्फ नसतो. गावातली माणसं कुत्री घेऊन, मुलं घेऊन तिथे फिरतात. सोडतीत जे आम्हाला मिळालं नव्हतं, त्यावरून आम्ही चौघं हातात काहीही न घेता मनसोक्त चाललो. दगडी स्विल्कन पुलावर डॉक्टर उभे राहिले. त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. स्वस्थ असला की त्याची थरथर सुरू होत असे. वहिनींनी न बोलता तो हात खिशातून काढून आपल्या हातात घेतला आणि फोटो काढायला मला खुणावलं.

प्रेस्टविकला पहिली ओपन स्पर्धा 1860 साली झाली. तेव्हा मैदान बारा खळग्यांचं आणि खेळाडू आठ. एका दिवसात तीन फेऱ्या झाल्या आणि विली पार्क जिंकला. पुढे प्रेक्षकांची गर्दी त्या जागेत मावेना. 1925 नंतर ती स्पर्धा तिथे झाली नाही. तिथली पाचवी खळगी वाळूच्या मोठ्या टेकाडाआड दडलेली आहे. काहीही दिसत नसताना चेंडू त्यावरून पलीकडे टाकायचा. तिचंही नाव ‘हिमालय’! डॉक्टर म्हणाले, ‘‘मी चाळीस वर्षं उघडून पाहिल्याशिवाय काही केलं नाही. हे बरं आहे.’’ आणि त्यांचा चेंडू अण्णांच्यापेक्षा जवळ पडला.

तिथून मॅक्रिहॅनिश डोळ्यांना जवळ आणि रस्त्याला दूर. ग्लासगोवरून वर जायचं, लोमंड सरोवराच्या काठाने फिरायचं आणि मग पुऱ्या भूशिराच्या टोकाकडे खाली उतरायचं. अख्खा दिवस त्यात गेला. पण मे अखेर तिकडे रात्री साडेनऊलाही उजेड असतो, त्यामुळे दिवस वाया गेला असं वाटलं नाही.

सकाळी वारा समुद्रावरून येत होता. अण्णा आधी मारायला गेले. त्यांनी बेताचा समुद्र कापला आणि चेंडू हिरवळीवर गेला. मग डॉक्टर उभे राहिले. चेंडू टेकवायच्या खुंटीवर तो बसेना, दोनदा घरंगळला. अण्णा पुढे होणार एवढ्यात वहिनींनी त्यांची बाही धरली. तिसऱ्यांदा चेंडू बसला. डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं, पावलं डावीकडे वळवली, आणखी थोडी वळवली. अण्णांच्यापेक्षा बराच जास्त समुद्र त्यांनी पुढ्यात घेतला होता. काठी मागे गेली तेव्हा हात अगदी स्थिर होता. चेंडू उंच गेला, वाऱ्याने त्याला जरा मागे रेटलं, आणि तो पाणी ओलांडून ओल्या वाळूवर पडला. हिरवळ आठ-दहा हात पुढे राहिली.

‘‘पुळणीवर आहे,’’ मी म्हणालो.

‘‘मग डावात आहे,’’ डॉक्टर म्हणाले आणि वाळूच्या दिशेने चालू लागले. पिशवी घेऊन मी मागोमाग.

परवा दिवाळीच्या तयारीत असताना डॉक्टरांचा मुलगा एक चिठ्ठी देऊन गेला. अक्षर पूर्वीपेक्षा बारीक झालं आहे, वाचायला चष्मा लागतो. ‘‘डॉर्नॉक राहिलं आहे. कार्नूस्टीही दाखवायला हवं तुमच्या बंधूंना, त्याने माझ्यासाठी सोडलं होतं. यादी लवकर करा.’’ ‘लवकर’ या शब्दाखाली रेघ आहे. फराळाची ताटं बाजूला सारून मी नकाशा पुन्हा पसरला आहे, आणि लीड्सहून वहिनींचा निरोप आला आहे की या खेपेला त्यांचीही एक काठी पिशवीत असेल.